दहा मिनिटांची मासोळी

...पण दहा मिनिटं म्हणजे नक्की कुठून मोजायची, हे सांगेल का मला कोणी? चूल पेटवल्यापासून? तवा तापल्यापासून? की मासोळी नदीत होती तेव्हापासून? तुम्ही हसताय. हसा, हसा! मी मात्र त्या दिवशी गजराचं घड्याळ चुलीशेजारी पाटावर ठेवून बसलो होतो, आणि कानात त्या मैनाबाईचं एकच वाक्य घुमत होतं, "कायले घाबरून राह्यले सर? धा मिंटाचं तं काम हाय!"

आता मैनाबाई म्हणजे आमच्या घाटंजीच्या बाजारात मासोळ्या विकते ती भोईण. आणि मी म्हणजे... मी म्हणजे काय, हे मलाच कधीकधी कळत नाही. रसायनशास्त्राचा एम.एस्सी. आहे, नागपूरला तेवीस वर्षं कॉलेजात शिकवलं. कोणतं तेल किती अंशावर धूर सोडतं हे झोपेतही सांगेन. पण आमच्या घरात ते तेल कोणत्या बरणीत आहे? नाही सांगता येत! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी तीन बरण्यांचा वास घेतला आणि तिन्ही मला जवसाच्याच वाटल्या.

बरं, हा उपद्व्याप मी हौसेनं केला का? तर नाही. आमच्या मंडळींना, म्हणजे विमलला, मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस! ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेज दिली, तोंड फिरवलं. मुगाचं वरण दिलं, तोंड फिरवलं. मोसंबं सोलून दिलं, तरी तोंड फिरवलंच. मला तर अशी शंका यायला लागली की दोष मोसंब्यात नसून देणाऱ्यात असावा. हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायच्या हो तिच्या. डॉक्टर म्हणाले, "परवापर्यंत पोटात अन्न गेलं नाही, तर यवतमाळच्या इस्पितळात हलवू. मागतील ते द्या, पण खाऊ द्या." आता इस्पितळात नेलेली माणसं परत येतात, हे मला माहीत आहे. आकडेवारीनं माहीत आहे. पण रात्री तीन वाजता आकडेवारी कोणाला आठवते?

आणि बाजाराच्या दिवशी सकाळी ही अंथरुणातून म्हणाली, "अवो... तव्यावरची मरळ खावाशी वाटून राह्यली मले."

मी ताडकन उठलो! मुलगी मुकुटबनला सासरी, तीही ओली बाळंतीण. आम्हाला दोन वेळची भाकरी द्यायची शेजारची धुरपताबाई, पण ते घर माळकरी, मासोळीचं नाव काढलं तरी ती कानावर हात ठेवते. म्हणजे उरलं कोण? मी! पिशवी घेतली, मैनाबाईकडे गेलो. तिनं मरळ राखेत धरली, साफ केली, कापली, आणि बोलताबोलता कृती सांगून मोकळी झाली, "हयद, मीठ, तिखट, लसून लावा, ज्वारीच्या पिठात लोयवा, तव्यावर टाका, पलटा. झालं!"

म्हटलं, "मीठ किती?"

"अंदाजानं."

"कोणाच्या?"

ती पलीकडच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "लई शिकेल मानूस हाय, सांभाळून बोला."

तर, दहा मिनिटांचं काम! आमच्याकडे मासोळी घरातल्या चुलीवर होत नाही. अंगणातली चूल वेगळी, तवा वेगळा. बाहेरचा तवा गोठ्यात खुंटीला टांगलेला असतो. तो मी काढला आणि... अहो, काय सांगू! काळाकुट्ट! बोटभर जाड पुट! आता सांगा, नुकतीच मुदतीच्या तापातून उठलेली बाई, आणि हा तवा? मला त्या काळ्या थरावर लाखो जंतू दिसायला लागले. म्हटलं, नाही, शास्त्र शिकलोय ते कशासाठी? चिंच घेतली, विटेचा भुगा घेतला, राख घेतली, आणि बसलो घासायला. अर्धा तास. एक तास. आतून हिचा क्षीण आवाज आला, "काय घासून राह्यले?"

म्हटलं, "काही नाही, तवा!"

आत खाट एकदम करकरली. मला वाटलं, कूस बदलली.

तवा असा लखलखीत झाला की त्यात माझा चेहरा दिसला, आणि त्या चेहऱ्यावर समाधान होतं. इथंच मी सावध व्हायला हवं होतं! मला समाधान वाटलं की काहीतरी बिघडलेलं असतं, हा माझा जन्मभराचा अनुभव आहे.

मग चूल. चुलीत पऱ्हाट्या. कपाशीच्या या काड्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे ना? भडकल्या की छपराला हात लावतात आणि आपण पाणी आणायला धावलो की विझून जातात! तीनदा पेटवली. चौथ्यांदा तेल टाकलं, मरळीचे चार तुकडे टाकले, चर्र झालं, घड्याळात पाहिलं... आणि कुंपणापलीकडून आवाज, "सर, आत्ता हात लावू नका!"

धुरपताबाईचे यजमान, भगवानराव! गळ्यात तुळशीची माळ, मासोळीकडे पाहणं नको म्हणून माझ्याकडे पाठ करून उभे. पाठ माझ्याकडे, पण नाक? कान? सगळे इकडंच! "चरचर बारीक होऊ द्या. मंग कड सुटते. मंग उलथनं घाला."

म्हटलं, "भगवानराव, तुम्हाला काय माहीत?"

"आयकून हावो."

"कोणाकडून?"

"आता ते सोडा ना सर! वास पाहा, लसून जयून राह्यला!"

मी घाबरून उलथणं घातलं. तुकडा हलेना. जोर लावला. वरचा भाग उलथण्यावर आला, खालचा तव्यालाच राहिला. दुसरा... तसाच. तिसऱ्याचं तर नुसतं कातडं राहिलं, जणू तव्यावर कोणी कागद चिकटवलाय!

"चिकटली ना?" भगवानराव पाठमोरेच ओरडले. "सर... तवा घासला तं नाही तुमी?"

"स्वच्छ केला."

"अरे देवा!" माणूस माळबीळ विसरून गर्रकन वळला हो! "अवो, मासोयीचा तवा घासत असतेत का? पुसत असतेत! वर्षानुवर्षं तेल पेते तो, मंग तो मासोयीले सोडते! माह्या मायनं तं..." आणि एकदम आठवून पुन्हा पाठ फिरवली. "म्हंजे, आयकून हावो."

बाजार उठलेला. मैनाबाई गेलेली. दुसरी मरळ नाही. आणि उद्या डॉक्टर येणार. तुम्हाला सांगतो, मी त्या चुलीपुढे बसून उलथण्यानं तवा खरवडत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धूर होता. पऱ्हाटीचा धूर फार. दहा मिनिटांचं काम... साडेतीन तास झाले होते.

ताटलीत काय होतं? करपलेले कपटे, पिठाचे पापुद्रे, मासोळीचा चुरा. एकेक काटा चष्मा लावून वेचला. आत घेऊन गेलो, मनात माफीचं भाषण तयार होतं, तीन मुद्दे होते. तिनं ताटलीत पाहिलं.

"हे काय होय?"

"मरळ."

"होती," ती म्हणाली.

मी भाषणाचा पहिला मुद्दा काढणार, तेवढ्यात तिनं एक काळा पापुद्रा उचलला. तोंडात टाकला. कुर्रम. डोळे मिटले. दुसरा उचलला. तिसरा. मग म्हणते, "खरवड हाय. भाकर आना."

भाकर! महिन्याभरानं ती स्वतःहून भाकर मागत होती! मी धावलो, उंबऱ्याला अडखळलो, टोपली उलटी केली... अर्धी भाकर खाल्ली हो तिनं! ताटली बोटानं पुसून खाल्ली. डॉक्टर दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, आता यवतमाळ नको. मी त्यांना मासोळीचं काही सांगितलं नाही. कृती विचारली असती तर?

आठवड्यानं ती हिंडूफिरू लागली. पहिली कुठं गेली असेल? देवापुढं? नाही. गोठ्यात. खुंटीवर तो तवा, चकचकीत. तिनं तो काढून त्यावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "लग्नात मायनं देल्ला होता. चाळीस वर्षं लागली मले त्याले असा काळा कराले."

मी म्हटलं, "चुकलं माझं. नवा आणू?"

"नवा कायले? पुन्हा काळा करा ना. तुमीच."

तेव्हापासून दर बाजाराला मी अंगणात. मैनाबाई मला पाहिलं की न विचारता मरळ काढते. भगवानराव पाठमोरे उभे असतातच. तवा अजून मासोळी सोडत नाही, आणि ही ओसरीत बसून खरवड खाते, तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. दहा मिनिटांचं काम म्हणे! मी आता अडुसष्ट वर्षांचा आहे. तवा पहिल्यासारखा होईल तेव्हा एकशे आठचा असेन. तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, "असान. काम मधातच टाकून जायाचं नाही, आत्ताच सांगून ठेवते."