क्रमांक अकरा गैरहजर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आमचे विभागप्रमुख, म्हणजे आपले सर, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

प्रयोगशाळेची रजिस्टरं लिहिणाऱ्या बाईला आज बोलायचा मान मिळाला, ही सरांचीच कृपा. बावीस वर्षं ते सांगतील ते मी लिहिलं. आज मनाचं बोलणार आहे. हसू नका, तेही जमतं मला.

पाहुण्यांनी आत्ताच सांगितलं, की सरांचं तोंडाने घ्यायचं इन्सुलिन सातपैकी सातही रुग्णांना लागू पडलं. टाळ्या वाजवल्या ना आपण? पोटातलं आम्ल इन्सुलिन पचवून टाकतं, म्हणून सरांनी गोळीला असं कवच चढवलं, की ते आतड्यात गेल्यावरच विरघळावं. फार पक्कं कवच हो. इतकं पक्कं, की काहींच्या आतड्यातही ते विरघळलं नाही.

रुग्ण सात नव्हतेच. बारा होते. अकरा नंबर माझी धाकटी बहीण. सुयांना कंटाळली होती, म्हणून मीच तिला गळ घातली. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, "ताई, हसू नकोस हं, पण गोळी गिळली तशी अख्खीच पडली गं." साखर चारशेच्या वर. मी सरांकडे धावले. सर म्हणाले, "घ्यायला विसरली असेल. गैरहजर लिहा."

साखर वाढली की माणूस गैरहजर! काय सोय आहे, नाही? रोज सकाळी साडेआठला रक्त द्यायला बाकावर येऊन बसणारी माझी बहीण मी माझ्या वळणदार अक्षरात गैरहजर लिहिली. तिच्यासारखे आणखी चौघे. आणि रजिस्टरात जो गैरहजर, त्याची सुई पुन्हा कोण सुरू करणार? ती सुरू होईपर्यंत टाचेवरच्या एका फोडाने तिचा पाय गुडघ्यापर्यंत नेला. सर, तुम्ही निदान एकदा भेटायला याल असं वाटलं होतं. मला तुमचा राग येतो. माझ्या अक्षराचाही येतो.

असो. सत्कार कोणाच्या हस्ते करायचा हे संयोजकांनी माझ्यावर सोपवलं, त्यांचे मनापासून आभार. कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला. तिथे तरी ते विरघळू दे.

क्रमांक अकरा पहिल्या रांगेत हजर आहे. पुष्पगुच्छ तिच्या मांडीवर आहे. तिला या पायऱ्या चढता येत नाहीत, सर. तुम्हीच खाली या.