वरच्या सज्जाचा कठडा

पोलीस ठाणे लष्कर, ग्वाल्हेर. तारीख १२ नोव्हेंबर १९३६.

नाव शरयू लक्ष्मीकांत मुळ्ये, वय २४ वर्षे, धंदा नोकरी, इमारतीचे नकाशे काढणे, राहणार टोपी बाजारामागे, लष्कर.

मी समक्ष हजर राहून सांगते की, नकाशे काढण्याचे शिक्षण मी मुंबईस घेतले असून नव्या संग्रहालयाच्या कामावर आहे. दिवाणखान्याच्या वरच्या सज्जाला जो लोखंडी कठडा बसवला आहे त्याचा नकाशा मी काढला. त्यातली वेलीची नक्षी माझी. कठड्याच्या दर तिसऱ्या खांबामागे सज्जाच्या फरशीत रोवलेला तिरका टेकू होता, तोही माझा. वेल पातळ पट्टीची आहे, ती भार घेत नाही. भार टेकू घेतो.

कठडा उभा राहिल्यावर कामावरचे इंजिनिअर माधवराव सबनीस यांनी टेकू कापवले. खालून वेलीमागे काठ्या दिसतात आणि वर खुर्च्या मांडायला अडचण होते, असे त्यांचे म्हणणे. मी हरकत घेतली. ते कचेरीत सर्वांसमोर म्हणाले, "शरयूबाई, वर बायका चिकाच्या पडद्याआड बसायला येतात, कुस्ती खेळायला नाही." लोक हसले. मी म्हटले, "बसत नाहीत."

समारंभाच्या वेळी माधवराव जनान्याच्या सज्जात कधी उभे राहिलेले नाहीत. पुरुषांना तेथे मज्जाव असतो. मी उभी राहिले आहे. गेल्या दसऱ्याला दुसऱ्या एका महालात बाजा वाजला तशा सगळ्याजणी खुर्च्या सोडून पुढे आल्या. मागच्यांना दिसेना म्हणून त्यांनी रेटले. माझ्या दोन्ही हातांतल्या बांगड्या कठड्यावर फुटल्या. तो कठडा दगडी होता.

माधवरावांनी नकाशातूनही टेकू काढायला सांगितले. मी नकार दिला. दुसऱ्या दिवशी टेकूंची शाई पात्याने खरवडलेली दिसली. नकाशा मेणकापडावर आहे. खरवडलेल्या जागी त्याची चकाकी जाते, उजेडात धरले की कळते. कोपऱ्यातली माझी सही तशीच ठेवली होती.

तो नकाशा मी कचेरीच्या वेळेत, सर्वांदेखत, टेबलावरून उचलून नेला. नकाशा समोर असल्याशिवाय माधवरावांवरचे मोठे इंजिनिअर काम पास करत नाहीत, आणि काम पास झाल्याशिवाय सज्जा उघडत नाही. उद्घाटन येत्या गुरुवारी आहे. नेण्याचे कारण हेच.

नकाशा सरकारी आहे हे ठाऊक होते का, असे ठाणेदार शिवाजीराव यांनी विचारले. होते. तो कोठे आहे ते मी सांगणार नाही. फाडलेला नाही, विकलेला नाही. टेकू पुन्हा बसवावेत किंवा सज्जाला कुलूप लावावे. त्यानंतर मी तो मोठ्या इंजिनिअरांच्या हाती देईन, माधवरावांच्या नाही. नोकरी जाईल असे ठाणेदारांनी सांगितले. माधवरावांनी ते आधीच सांगितले आहे.

माझे वडील बाहेर बाकावर बसले आहेत. मी माफी मागावी असे त्यांचे मत आहे. ते त्यांचे मत आहे. आईला वरच्या सज्जाचे आमंत्रण आले आहे. तिने नवे लुगडे काढून ठेवले आहे.

ठाणेदार म्हणाले, "बेटी, चुकून नेला असं लिहू. कागद आणून दे आणि घरी जा." मी त्यांना विचारले की त्यांच्या घरी सज्जाचे आमंत्रण आले आहे काय. हा प्रश्नही लिहावा असे मी सांगितले. म्हणून लिहिला आहे.

वरील जबाब मला वाचून दाखवला. त्यात "टेबलावरून चुकून उचलून नेला" असे आले होते. त्यातला "चुकून" हा शब्द मी एका रेघेने खोडला आहे. खरवडलेला नाही, वाचता येतो. शेजारी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

शरयू लक्ष्मीकांत मुळ्ये