किड्यांचे औषध, हात लावू नये

माझे नाव ओळखपत्र पाहून नोंदवहीत घेतले आहे. वय चोवीस वर्षे चार महिने. शिक्षण पदवी, दुसरा वर्ग. व्यवसाय सध्या काही नाही. एका कार्यालयात लेखनिक म्हणून निवड झाली आहे, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचे आहे. राहणार कालव्याच्या रस्त्यावर, पाण्याच्या टाकीमागचे दुसरे घर. घरात वडील, आई, काका आणि मी.

मी आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आले आहे. जबाब हवालदार लिहून घेतात. परंतु काल पंचनामा करताना त्यांच्या उजव्या मनगटाला गांधीलमाशी डसली असून त्यांना पेन धरता येत नाही. म्हणून त्यांच्या समोर बसून, त्यांच्या परवानगीने मी हा जबाब स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मुद्द्याचे तेवढेच लिहा, असे त्यांनी सांगितले आहे. मी प्रयत्न करीत आहे.

आमच्या परसाला लागून शेजाऱ्यांची लाकडी खोली आहे. शेजारी निवृत्त मोजणीदार आहेत. सगळे त्यांना मोजणीकाका म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या खोलीच्या छपराचा पत्रा आमच्या परसावर नऊ इंच पुढे येतो. त्या पत्र्याखाली, डाव्या कोपऱ्यात, गेल्या दोन महिन्यांपासून गांधीलमाश्यांचे पोळे होते. मी बाहेरून मोजले तेव्हा ते ताटाएवढे होते. माझ्या आईला दोनदा व काकांना एकदा डंख झाला. काकांचा डंख त्यांनी पोळ्याला काठी लावल्यामुळे झाला, हेही मी नमूद करते.

पोळे कोणी काढायचे यावर दोन घरांत बोलणी झाली. मोजणीकाका म्हणाले, "पत्रा माझा, कबूल. पण माश्या तुमच्या अंगणात हिंडतात." वडील म्हणाले, "मग पत्रा नऊ इंच मागे घ्या." मोजणीकाका म्हणाले, "पत्रा मागे घेतला म्हणजे हद्द सोडली." त्यांनी टेप आणून पोळे मोजले. त्यात त्यांना कपाळावर डंख झाला. त्यानंतर त्यांनी मला सांगितले, "घरात तू एक शिकलेली आहेस, तुझ्या बापाशी बोलण्यात अर्थ नाही. काय ते लेखी दे."

मी लेखी अर्ज दिला. त्यांनी लेखी उत्तर दिले की पोळे "योग्य वाटेल त्या उपायाने" काढावे. त्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. ही प्रत आमच्या बाजूची आहे असे काकांचे म्हणणे आहे. परंतु उत्तर देताना मोजणीकाका तोंडी असेही म्हणाले होते की, "आत माझे नकाशे आहेत, जपून." हे कागदावर नाही, मला मात्र आठवते, म्हणून लिहिले.

घटना परवा, मंगळवारी, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी घडली. दिवेलागणीला माश्या पोळ्यावर परततात आणि शांत असतात, असे मी वाचनालयातील एका पुस्तिकेत वाचले होते. मी कागदावर सहा कलमे काढली. त्यातले पहिले शेजाऱ्यांना कळवणे हे होते, ते केले. दुसरे खिडक्या लावणे, ते आईने केले. तिसरे पंधरा फुटांवर उभे राहून औषध फवारणे. धूर करणे हे कलम पुस्तिकेत नव्हते, ते काकांनी घातले. त्यांनी बांबूला चिंध्या बांधून त्या पेटवल्या आणि पत्र्याखाली धरल्या. काका म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्याला माशी चावलीये का कधी?"

औषध आणायला मीच परसातल्या फडताळाकडे गेले. तिथे माझ्या वडिलांचे कामाचे डबे असतात. ते लोकांच्या घरी जाऊन लाकडी सामानाला पॉलिश करतात. त्यातल्या एका डब्यावर "किड्यांचे औषध, हात लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. तो डबा मी उचलला आणि त्यातले फवारणीच्या हातपंपात भरले.

त्या चिठ्ठीबद्दल सांगणे आवश्यक आहे. ती मी तिसरीत असताना लिहिली. आमच्या घरात त्याआधी कोणी काही लिहिलेले नव्हते. त्या वेळी डब्यात खरोखरच किड्यांचे औषध होते. वडिलांनी चिठ्ठी पुसली जाऊ नये म्हणून तिच्यावर पॉलिशचे दोन हात दिले. घरी कोणी आले की ते पाणी देण्याच्या आधी तो डबा दाखवत. पुढे औषध संपले. वडिलांनी त्यात थिनर भरून ठेवायला सुरुवात केली, त्याला बारा-तेरा वर्षे झाली असतील. चिठ्ठी त्यांनी काढली नाही. घरात वडील, आई आणि काका यांना वाचता येत नसल्यामुळे ते डबा वासावरून ओळखतात व त्यांची कधी गफलत झालेली नाही. गफलत व्हायची तर वाचणाऱ्या माणसाचीच होणार होती, आणि तसे माणूस घरात एकच आहे.

पंप भरताना आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अगं, हा वास तर तुझ्या बाबांच्या हाताला येतो तो."

मी म्हटले, "आई, वर लिहिलंय ना."

आई म्हणाली, "लिहिलंय का? मग असेल बाई." आणि तिने दार लावून घेतले.

वास मलाही आला होता. हे मला कोणी विचारलेले नाही.

मी कलम तीनप्रमाणे पंधरा फुटांवर उभी राहिले. पंपाची धार आठ फूट जाते. त्यामुळे थिनर पोळ्यापर्यंत पोहोचले नाही, मध्ये काकांच्या पेटत्या बांबूवर पडले. एकदम भडका झाला. वारा मोजणीकाकांच्या खोलीकडे होता. खोलीच्या फळ्यांनी पेट घेतला. काकांची डावी भुवई जळाली. दोन्ही घरांनी बादल्यांनी आणि मोजणीकाकांच्या नळीने पाणी मारले. आग साधारण वीस मिनिटांत विझली. दोन खुर्च्या, एक मांडणी आणि नकाशांच्या एकतीस गुंडाळ्या जळाल्या. मोजणीकाका ओल्या राखेत बसून एकेक गुंडाळी उलगडून पाहत होते. मी मदतीला गेले तर ते म्हणाले, "हात लावू नकोस." नंतर त्यांनी आमच्या घराने हद्दीच्या रागातून मुद्दाम आग लावली अशी तक्रार दिली. मुद्दाम लावलेली नाही. निष्काळजीपणाने लागली, आणि तो निष्काळजीपणा माझा आहे.

पोळे कोपऱ्यात, वाऱ्याच्या उलट बाजूला होते. त्याला काही झाले नाही. आज सकाळी मी निघाले तेव्हा माश्यांची ये-जा सुरू होती.

माझ्या वडिलांनी काल येथे जबाब दिला आहे. तो हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात असे आहे की डबा वडिलांनी आणला, पंप त्यांनी भरला, फवारणीही त्यांनी केली आणि त्या वेळी मी आत अभ्यास करीत होते. याबाबत सांगते की माझी शेवटची परीक्षा होऊन दोन वर्षे झाली. घटनेच्या वेळी वडील दवाखान्याच्या दाराला पॉलिश करीत होते. ते सात वाजून दहा मिनिटांनी घरी आले, तेव्हा आग विझलेली होती. दवाखान्यातील डॉक्टरीणबाई हे सांगू शकतील. त्या जबाबातील नाव, पत्ता आणि अंगठा एवढेच खरे आहे. अंगठाही तीनदा घ्यावा लागला असे कळले. पॉलिशने त्यांच्या बोटांच्या रेषा गेल्या आहेत.

काल जबाब देऊन ते घरी आल्यावर आमचे बोलणे झाले, ते पुढीलप्रमाणे.

मी म्हटले, "बाबा, तुम्ही तिथे नव्हतातच."

"डबा माझा, थिनर माझं. मग मी नसून कसा?"

"चिठ्ठी माझी आहे."

"तू सात वर्षांची होतीस. सात वर्षांच्या पोरीवर केस होत नाही."

"वाचली चोवीस वर्षांच्या पोरीने."

काका म्हणाले, "दोघंही गप्प बसा. सरळ माशीवर ढकला. माशी काय जबाब द्यायला येणार आहे?"

वडील हसले नाहीत. ते म्हणाले, "माझ्या नावावर एक केस पडली तर पॉलिश करायला कोणी नको म्हणणार नाही. तुझं तसं नाही." (वडिलांनी माझे वय सात सांगितले, मी आठ वर्षांची होते.)

त्यांचे म्हणणे ज्या कागदाबद्दल आहे तो असा: नोकरीवर रुजू होण्यासाठी मला चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. त्याचा अर्ज मी याच ठाण्यात अकरा दिवसांपूर्वी दिला आहे. "आपल्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद आहे काय" या रकान्यात मी "नाही" असे लिहिले होते. त्या तारखेला ते खरे होते. आता काय लिहायचे असते हे मी हवालदारांना विचारले. ते म्हणाले, "ताई, तुमचा अर्ज त्या पलीकडच्या टेबलावर आहे, सहीला. दुपारी झाली असती. आणि तुम्ही या टेबलावर येऊन बसलात." मग त्यांनी पेन माझ्या हातून काढून घेतले आणि चहा मागवला. चहा होईपर्यंत विचार करा, म्हणाले. चहा झाला. मी पेन परत मागितले.

आग लागण्याचे कारण म्हणून त्यांनी मला "अनवधानाने" हा शब्द सुचवला. तो मी लिहिला नाही, कारण मी वास घेतला होता.

हे लिहीत असताना माझे वडील ठाण्यात आले आहेत. कामाच्याच कपड्यांत आहेत. ते दाराजवळच्या बाकावर बसले आहेत आणि माझ्याकडे पाहत नाहीत.

डबा जप्त करून मुद्देमालाच्या कपाटात ठेवला आहे. हवालदारांनी मला सांगितले की माझ्या वडिलांनी काल काहीही न विचारता सगळे कबूल केले, फक्त जाताना एक चौकशी केली, की डबा परत कधी मिळतो. हवालदारांना वाटले, उरलेल्या थिनरसाठी विचारतात. वडील म्हणाले होते, "थिनर ओतून घ्या, साहेब. डबा तेवढा द्या."

डब्यावरील अक्षर माझे आहे. या जबाबाच्या अक्षराशी ते ताडून पाहता येईल. "क" ची शेपटी मी अजूनही तशीच काढते.

हा मजकूर माझ्या हातचा असून तो मी उभे राहून मोठ्याने वाचला. हवालदारांनी ऐकला, बाकावर बसलेल्या माझ्या वडिलांनीही ऐकला. वडिलांनी एकाच ठिकाणी हरकत घेतली. ते म्हणाले, "तिसरीत नाही. दुसरीत. तू सातच वर्षांची होतीस, मला माहीत आहे." मी जन्मतारखेवरून हिशेब करून पाहिला. त्यांचे बरोबर आहे. ती दुरुस्ती येथे मान्य करते. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे खरे आहे.