मामाच्या अंगातलं पोटॅश

आमच्या मेडशीच्या मामाच्या अंगात पोटॅश वाढलं होतं, हे सांगतलं तं लोक हसतात. पण तवा आमाले दवाखान्यात धावा लागलं होतं.

मामाचे पाय सुजले, अंगातली ताकदच गेली, म्हणून म्या त्याले वाशिमले डॉक्टरीण बाईकडे नेलं. त्याहीनं विचारलं, "काका, कोणतं औषध चालू आहे?"

"काहीच नाही."

रक्ताचा रिपोर्ट पाहून बाई म्हणाल्या, "पोटॅशियम फार वाढलंय. किडनीवर ताण आलाय."

मामा उखडला, "औंदा तं म्या वावरातबी पोटॅश खत टाकलं नाही, मंग माह्या अंगात कुठून आलं?"

म्या म्हटलं, "मामा, अन् ते गुडघेदुखीची गोळी?"

"ते काय औषध हाय? ते तं मी रोज चहासंग घेतो!"

बाईनं कपाळाले हात लावला. "काका, त्याच गोळीमुळे किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नाहीये. वेळेवर आलात, सावरेल."

मामाले भरती केलं, गोळी बंद झाली, अन् किडनी खरंच सावरली.

आता गावात कोणी कंबर धरून गोळी आणाले निंघाला का मामा त्याले अडवते, "काहून बे, वावरात खत टाकाच्या आधी माती तपासतं, अन् पोटात गोळी टाकाच्या आधी डॉक्टरले पुसतबी नाही?"