केस घरातून जात नाहीत

...आणि परत साबणावर! अहो, आज सकाळी धुऊन ठेवला होता मी साबण, आणि बघतो तर एक केस, वेटोळं घालून, माझ्याकडेच बघतोय! तुम्हाला सांगतो, लोक उगीच म्हणतात, केस गेले, केस गेले... कुठे गेले? माझे तर उशीवर आहेत, टॉवेलवर आहेत, परवा डब्यातल्या वरणात निघाले, गोरव्याच्या कारखान्यात लेथवर उभा होतो तर खांद्यावर येऊन बसलेले! केस डोक्यावरून जातात हो, घरातून जात नाहीत!

मी मुळात कमी बोलणारा. बाबा गेले तेव्हा शाळा सोडली आणि मशीनवर लागलो. मशीन बोलत नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं. बाबांचा कंगवा अजून कपाटात आहे. आई तो धूत नाही. त्यात बाबांचे केस अडकलेत... मोजकेच. शेवटी शेवटी होतेच मोजके. कपाट उघडलं की मला वाटतं, तो कंगवा बोलतोय, अगदी बाबांच्या आवाजात, 'ये रे पीयूष, आता नंबर तुझा.' मी कपाट लावून टाकतो. शर्ट न घेताच!

म्हणून तर डॉक्टर गाठला! आणि घाई कशाची, तर डभोईच्या श्रद्धाचं स्थळ आलेलं. फोनवर बोललो मी तिच्याशी. मी! बसमध्ये कंडक्टरकडे खुणेने तिकीट मागणारा माणूस, आणि फोनची बॅटरी संपेपर्यंत बोललो! हिच्याशी नाही जमलं तर परत कुणाशी बोलेन असं वाटत नाही, खरं सांगतो. पण आईने तिला माझा फोटो पाठवला कुठला? केस होते तेव्हाचा!

कारेलीबागेतल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या टाळूला भिंग लावलं आणि म्हणाल्या, 'हं.' अहो, 'हं' म्हणजे काय? आहेत की नाहीत? 'आनुवंशिक आहे. हे लोशन रोज लावायचं. सुरुवातीला गळती वाढेल, घाबरून सोडायचं नाही. फरक दिसायला सहा महिने.' सहा महिने! आणि डभोईला जायचं रविवारी! मग त्या आईकडे वळल्या, 'ताई, तुमचाही भांग रुंद झालाय. रक्त तपासून घ्या, लोह, थायरॉइड.' आई म्हणते, 'अगंबाई, मी नुसती सोबत आलेय!'

सोबत? दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे चोळत न्हाणीघरात शिरलो, तर नळावर ही लांबलचक वेणी लोंबतेय... आणि वेणीच्या वर बाईच नाही! अशी किंकाळी फोडली मी! बाहेरून आई, 'ओरडतोस काय? माझं गंगावन आहे ते, धुऊन वाळत घातलंय!' म्हणजे इतकी वर्षं आईचा तो अंबाडा... आणि मला पत्ता नाही! सांगितलं ना, केस डोक्यावरून जातात, घरातून जात नाहीत!

लोशन लावलं, आणि बाईंचा शब्द खरा ठरला. गळती वाढली! कारखान्यातला हार्दिक माझं तोंड बघून म्हणाला, 'अरे भाई, टेन्शन शानुं? पावडर आवे छे ने!' काळी भुकटी असते हो, टाळूवर भुरभुरवायची, टक्कल दिसत नाही. 'बस, पसीनानुं ध्यान राखजे.' घामाचं सांभाळ, एवढंच सांगितलं त्याने. दुसरं काही बोलला नाही तो!

रविवारी बसमध्ये खिडकी उघडली नाही मी. आई पदराने वारा घेतेय, 'अरे, जीव घेतोस का माझा?' नाही उघडली! डभोईला पोचलो, तर हॉलमध्ये झोपाळ्यावर श्रद्धाचे आजोबा, भास्करराव. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा. आईने कोपर मारलं, 'नमस्कार कर.' वाकलो. सवयच ती! मोठं माणूस दिसलं की पाठ आपोआप वाकते, डोक्याला विचारते का? आणि त्यांनी माझ्या टाळूवर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, मायेने चोळला! 'सुखी राहा. तुझे वडील आणि मी रेल्वेत एकत्र होतो रे...' आणि गहिवरून त्याच हाताने डोळे पुसले!

काय सांगू... काळे झाले हो आजोबा! गाल, कपाळ, सदरा! नुसता झोपाळा कुरकुरतोय. 'हे काय लागलं?' आजोबा पंजा बघतायत. आणि आमची आई, एवढी खरं बोलणारी बाई, पटकन म्हणते, 'तीट आहे ती! दृष्ट लागू नये म्हणून!'

'एवढ्या मोठ्या मुलाला?' हे आजोबा.

'एवढी?' ही श्रद्धाची आई.

मला खोटं जमत नाही. जमिनीकडे बघत बोलून टाकलं सगळं. पावडर आहे, केस गळतायत, फोटो जुना आहे, बाबांचंही असंच झालं होतं, माझंही होणार. बोललो आणि दाराकडे बघत राहिलो, कधी उठायला सांगतायत म्हणून.

श्रद्धा उठली. आजोबांना ओला टॉवेल दिला. मग मला, 'चला, डोकं धुऊन घ्या.' मागच्या नळाशी नेलं, आणि मला वाटलं, आता इथे नकार देणार, एकांतात, चांगल्या घरची आहे ना. तर हिने कानामागून ओढून आणलेले केस बाजूला केले. खाली विरळ, पांढरी टाळू! 'टायफॉइडमध्ये मुठीमुठीने गेले. डॉक्टर म्हणतात येतील परत. माझाही फोटो जुनाच आहे.' आणि हसली. फोनवर हसते ना, तशीच!

होकार आला हो! श्रद्धाची अट एकच. लग्नात तो ड्रोन नको, वरून कुणी शूटिंग करायचं नाही. मी म्हटलं, एवढंच ना? मान्य!

...आता कळलंय, तिच्या सख्ख्या मामांचा धंदाच ड्रोनचा. आहेर म्हणून ते स्वतः उडवणार आहेत, चार तास. आणि त्यांना 'नको' सांगायला घरच्यांनी पाठवलंय कुणाला, तर मला! मामांच्या दारात उभा आहे. दार उघडलं की आधी वाकून नमस्कार करावाच लागणार, म्हणजे माझी टाळू वरून पहिले मामाच बघणार!