धुतलेली बाटली

बाळाची आई : झारी खाली ठेवा आधी, बाई. आणि ह्या बाटलीचा वास घ्या.

बाई : अगं, गच्चीवर आल्या आल्या वास कसला घ्यायला लावतेस? बाळ कुठंय?

बाळाची आई : झोपलाय, त्याच्या बाबांजवळ. घ्या ना.

बाई : तळमजल्यावरच्या आपल्या रिकाम्या बाटल्यांच्या फडताळातली दिसतेय ही. ठेवली असेल कुणीतरी. स्वच्छ आहे की.

बाळाची आई : मीही तीनदा धुतली. साबणानं, सोड्यानं, उकळत्या पाण्यानं. बाळाचं तेल ठेवायला म्हणून आणली होती. ओतणार तेवढ्यात नाकाशी धरली नि डोळ्यांत पाणी आलं. बुडाशी लेबलाचा तुकडा राहिलाय. वाचून दाखवू?

बाई : नको.

बाळाची आई : 'मुलांपासून दूर ठेवा', एवढंच उरलंय. बाकीचं तुम्ही नखानं खरवडून काढलंत.

बाई : मीच कशावरून?

बाळाची आई : हा दोरा. रिकाम्या बाटलीच्या मानेला दोरा बांधून झाकण अडकवून ठेवायचं, म्हणजे जोडी फुटत नाही. दोन वर्षं शिकवताय, तुमच्याशिवाय कुणाला ती गाठ जमली नाही.

बाई : ...टाकवेना गं. एवढी घट्ट झाकणाची बाटली. हाताला सवयच लागलीय.

बाळाची आई : विष फवारताना नाही अडला हात. बाटली टाकताना अडला!

बाई : हळू बोल. जिन्यात मावशी झाडतायत.

बाळाची आई : कधी मारलंत?

बाई : सोसायटीच्या मीटिंगच्या आधी, गुरुवारी. हे बघ, आधी पूर्ण ऐकून घे. पालकावर मावा पडला होता, पानं मागून काळी झाली होती. साबणाचं पाणी मारलं, लसणाचं मारलं, काही म्हणून काही होईना. आणि रविवारी सगळे सभासद गच्ची बघायला वर येणार. मोबाइल टॉवरवाल्यांना गच्ची भाड्यानं द्या म्हणणारे टपूनच बसले होते. किडकी पानं दाखवली असती तर संपलंच होतं.

बाळाची आई : मला हाक मारायची होतीत. दोघींनी बसून एकेक पान पुसलं असतं.

बाई : हजार पानं?

बाळाची आई : हो, हजार! माझ्या नवऱ्याच्या जुन्या शर्टांचे लंगोट शिवायला लावलेत, तेव्हा केलं ना मी? तो म्हणतो, आता ऑफिसात लंगोट लावून जायचं तेवढं राहिलंय. केलंच ना? तुम्ही म्हणालात म्हणून केलं.

बाई : तुझ्यावर आधीच काय कमी होतं? अंगावरचं पोर...

बाळाची आई : त्याच पोराचं नाव घेऊन उभी राहिले मी मीटिंगमध्ये. 'माझं बाळ ह्या गच्चीवरचं खातं,' म्हणाले. तेव्हा कुठे तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा हात वर गेला. एका हातानं वाचली ही गच्ची. तुम्ही शेजारी बसला होतात, बाई. माझ्या पाठीवर थाप मारलीत.

बाई : मी तुला सांगितलं होतं, पंधरा दिवस पालक देऊ नकोस म्हणून.

बाळाची आई : सर्दी होईल म्हणून सांगितलंत! मी हसले. म्हटलं, बाईसुद्धा कसलं जुनंपुराणं घेऊन बसल्या. रोज वाफवून, कुस्करून भरवला. चार दिवस. पानांना एकही भोक नाही बघून मला आनंद झाला होता. भोक दिसलं की बिनधास्त खा, किड्यानं आधी चाखलंय, हे तुम्हीच शिकवलेलं. माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

बाई : कसा आहे तो?

बाळाची आई : डॉक्टर म्हणाले, आत्ता काही दिसत नाही, लक्ष ठेवा. मी आयुष्यात दुसरं काय करते? कालपासून त्याची शी नि शी तपासतेय. तुम्ही खाल्लात?

बाई : काय?

बाळाची आई : पालक. तुमच्या वाट्याचा.

बाई : ...नाही.

बाळाची आई : मग सगळ्यांसाठी भाजीची टोपली खाली का ठेवत राहिलात?

बाई : रोजची टोपली दिसली नसती तर कुणीतरी विचारलं असतं ना. अगं, मी रोज म्हणत होते, आज सांगते, उद्या सांगते. आणखी आठ दिवसांत उतरेल सगळं. तोवर तू गप्प राहिलीस तर कुणाला कळणारही नाही. ही मिरची आठवते? तुला सातवा होता, वाकता येईना, तरी हट्टानं लावलीस. जाऊ देशील हे सगळं?

बाळाची आई : नाही जाऊ द्यायचं मला! म्हणून तर आधी तुमच्याकडे आले. सरळ खाली जाऊन टोपलीवरच्या फळ्यावर लिहू शकले असते. पण तुम्ही लिहा. तारखेसकट. तिथलं 'निर्धास्त खा' हे तुमच्या अक्षरात आहे, तेही तुम्हीच पुसा.

बाई : लोक तोंडात शेण घालतील माझ्या.

(जिना झाडणाऱ्या मावशी पिशवी घेऊन वर येतात.)

मावशी : झाला बरं का जिना, बाई. माझी जुडी काढून ठेवली का? धाकटीला तुमचाच पालक लागतो. बाजारचा दिला तर थुंकून टाकते, महाराणी.

बाई : आज नाही, मावशी.

मावशी : का हो? एवढा हिरवागार उभाय की!

बाळाची आई : सांगा, बाई.

बाई : त्याच्यावर... औषध मारलंय. किडीचं.

मावशी : अगंबाई! बरं झालं सांगितलंत. आज मारलं होय?

बाई : नाही. मीटिंगच्या आधी.

मावशी : म्हणजे मागच्या आठवड्यात?

बाई : हो.

मावशी : मग सोमवारी दिलीत ती जुडी?