लूटनची व्हॅन, एडिसनची रांग

अमेरिकेत, एडिसनच्या मोटार ऑफिसात रजिस्ट्रेशनच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी काका-काकू उभे होते.

"अहो, ऐंशीव्या वर्षी माणसं क्रूझला जातात. तुम्ही इंग्लंडहून जुनी व्हॅन मागवलीत! दोघांच्या नावावर करायची म्हणता, पण मी सही करणार नाही."

"शुभा, बेडफर्ड सीए आहे ती! एकोणीसशे बावन्न ते एकोणसत्तर, लूटनला बनायची. शेवटची चार वर्षं मी तिथं दारं बसवायचो."

"सरकती दारं ना?"

"हो! दूधवाले दार उघडं टाकूनच गाडी हाकायचे."

"आणि हे दार तुम्हीच बसवलंत कशावरून?"

"गाडी सदुसष्टची आहे. तेव्हा डाव्या दाराला मीच होतो."

"एकटेच?"

"मी आणि आणखी तिघं."

"बरं. पण स्टिअरिंग उजवीकडे. बर्गरवाल्याच्या ड्राइव्ह-थ्रूची खिडकी येते डावीकडे. तिथं ऑर्डर कोण देणार?"

"डावीकडे तू बसणार, म्हणजे तूच."

"मीच? आणि तुम्ही मध्ये बोलणार नाही?"

"तिथून माझा आवाज पोचायचाच नाही."

"पन्नास वर्षं त्या खिडकीतून तुम्ही माझ्यासाठी सॅलडच मागवताय. आणा ते कागद इकडे!"